अठ्ठावीस दिवसांचा महिना आणि आपली चळवळ

गेल्या भीमजयंतीच्या तयारीची बैठक आम्ही ऐनवेळी एक दिवस पुढे ढकलली. निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, त्यावर भराभर अंगठे उमटले आणि आम्ही निश्चिंत झालो. तरीही जुन्या ठरलेल्या वेळी विहारात अकरा माणसे येऊन बसली होती. सात बाया, तीन म्हातारे आणि एक गवंडीकाम करणारा तरुण. त्या तरुणाचा रिचार्ज चार दिवसांपूर्वी संपला होता. सतरंजी घालून, मेणबत्ती लावून ती माणसे तासभर आमची वाट बघत बसली आणि मग उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका आजीने आम्हाला सगळ्यांसमोर विचारले, "काय रे पोरांनो, आता जयंती मोबाइलवाल्यांचीच का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. ग्रुपवर दोनशेच्या वर सदस्य आहेत, म्हणजे वस्ती जोडलेली आहे असे आम्ही धरून चाललो होतो. आमचा ग्रुप म्हणजे वस्ती नव्हे, हे कळायला त्या अकरा जणांना थंडगार फरशीवर बसावे लागले.

कोणता फोन घ्यावा, कोणत्या कंपनीचे सिम, किती दिवसांचा प्लॅन, हे प्रश्न आपण खासगी समजतो. गट-तट, ऐक्य, कोणाला मतदान, यावर आपण रात्र-रात्र वाद घालतो. पण ज्या तारेवरून हा सगळा वाद चालतो ती तार कोणाच्या हातात आहे आणि तिच्यासाठी आपल्या घरातून वर्षाला किती पैसा जातो, हा विषय कुठल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर नसतो. आमचे म्हणणे असे की तो असला पाहिजे. हा शौकाचा विषय नाही, चळवळीच्या खर्चाचा आणि चळवळीच्या पोहोचीचा आहे.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते लगेच म्हणतात, पोरे मोबाइलनेच बिघडली, त्यांना आणखी डेटा कशाला? त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून आम्ही असहमत आहोत. खैरलांजीनंतर २००६ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र पेटला, तेव्हा मुख्य प्रवाहातल्या माध्यमांनी बातमी दाबली असताना ती एसएमएस आणि ईमेलवरूनच गावोगाव गेली. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद कुठल्या एका मोठ्या पक्षाच्या आदेशावर झाला नाही. ॲट्रॉसिटी कायदा कमकुवत करणाऱ्या निकालाविरुद्धची हाक फोनवरून फिरली. आणि फोन ही किरकोळ वस्तू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी मे २०१५ चे शिर्डी आठवावे. बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, एवढ्या कारणावरून नर्सिंग शिकणाऱ्या एका तरुणाचा खून झाल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती. आपल्या हातातला फोन आणि त्यावर वाजणारे आपले गाणे कोणाला किती खुपते, याची किंमत मोजून झालेली आहे.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. त्याच्या पुढचे मात्र फारसे सांगत नाही. शाहू महाराजांनी अडीच हजारांची मदत करूनही 'मूकनायक' तीन वर्षांच्या आसपास थांबला. १९२७ ला सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये बंद पडले, आणि त्यामागे पैशाची ओढाताण हे मोठे कारण होते. वर्गणी वेळेवर येत नव्हती, कारण वर्गणीदारच कंगाल होता. आज तोच समाज दर अठ्ठावीस दिवसांनी न चुकता वर्गणी भरतो, फक्त ती टेलिकॉम कंपनीला जाते. आम्ही रिचार्ज करू नका असे म्हणत नाही. पण ही वर्गणी किती होते, ते एकदा कागदावर मांडून बघा.

जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. बाकी मोठ्या खासगी कंपन्यांनीही त्याच आठवड्यात दर वाढवले. वर्षाला बारा महिने असतात, पण अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबात ते तेरा होतात. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये. घरात चार फोन असतील तर १५,५४८. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला मजुरीचा दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे एका माणसाचा एक रिचार्ज हा जवळजवळ एका दिवसाचा घाम, आणि चार फोनांच्या घरात वर्षाचे पन्नास दिवस नुसते टॉवरसाठी खपायचे.

आता यातली खरी गोम बघा. रोज दोन जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन ३४९ ला आहे. तेरा वेळा भरला तर ४,५३७ रुपये होतात. त्याच कंपनीचा वर्षभराचा, रोज अडीच जीबीचा प्लॅन ३,५९९ ला मिळतो. ज्याच्याकडे एकदम साडेतीन हजार आहेत त्याला डेटा जास्त आणि किंमत ९३८ रुपयांनी कमी. ज्याच्याकडे शनिवारच्या पगारातले साडेतीनशेच आहेत त्याने जास्त भरून कमी घ्यायचे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही हे 'गरिबीचा दंड' म्हणून शिकलो होतो. वस्तीत त्याला कोणी नाव देत नाही, कारण किराणा असाच पावशेर-पावशेर घ्यायची सवय तीन पिढ्यांची आहे. फोन मात्र त्याहून वाईट आहे. किराणा संपला तर शेजारी वाटीभर साखर देतो, रिचार्ज संपला तर माणूस यादीतूनच गळतो.

गळणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. मराठवाड्यातल्या आमच्या ओळखीच्या एका ऊसतोड कुटुंबातली मुलगी शहरात राहून शिकत होती. तिचे आधार वडिलांच्या नंबरशी जोडलेले. दिवाळीनंतर आई-वडील कोयता घेऊन फडावर गेले. तिथे उचल फिटेपर्यंत हातात रोख नसते. फोनचा प्लॅन संपला, काही दिवसांनी येणारे फोनही बंद झाले, आणि हंगाम संपून ते परतले तेव्हा तो नंबर कंपनीने दुसऱ्याच कोणाला दिलेला होता. इकडे मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली तर ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर. आम्ही त्या नंबरवर फोन केला. समोरचा माणूस भला होता, पण "माझा नंबर आहे, मी ओटीपी का सांगू?" हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आधारला नवा नंबर जोडायला केंद्रावर रांग, मग बँकेत रांग, तोवर मुदत अंगावर आलेली. अर्ज शेवटी भरला गेला; मुलीचे परीक्षेच्या तोंडावरचे दोन आठवडे मात्र त्यात गेले. तिची आई आम्हाला म्हणाली, "दादा, वीस-तीस रुपयांसाठी एवढं झालं व्हय?"

वीस-तीस रुपये हे त्या माउलीने सहज म्हटले, पण ते अगदी खरे होते. ट्रायच्या २०१३ पासूनच्या नियमानुसार प्रीपेड नंबर सलग नव्वद दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते. पण त्या नंबरवर मुख्य बॅलन्स वीस रुपये किंवा जास्त असेल तर वीस रुपये कापून आणखी तीस दिवस नंबर राखून ठेवावा लागतो, आणि बॅलन्स पुरेल तोवर हे चालू राहते. यात फोन लावायची सोय मिळत नाही, नंबर फक्त तुमचा राहतो. हंगामाला बाहेर जाणाऱ्या प्रत्येक घराने निघण्याआधी शंभर रुपयांचा टॉपअप त्या सिमवर टाकून ठेवावा. प्लॅनचा रिचार्ज मारला तर तो पैसा मुख्य बॅलन्समध्ये जमा होत नाही, म्हणून दुकानदाराला टॉपअप असेच स्पष्ट सांगायचे. आणि त्याहून महत्त्वाचे, अकरावीत गेलेल्या प्रत्येक मुला-मुलीचे आधार स्वतःजवळच्या नंबरला जोडलेले असावे. महाडीबीटीपासून स्वाधारपर्यंत सगळे ओटीपीवर चालते. मुलीचा ओटीपी बापाच्या, भावाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवर जात असेल तर तिच्या शिक्षणाची किल्ली तिच्या हातात नाही.

इथे आपल्याच घरात बघितले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या केवळ ५४ टक्के स्त्रियांनी सांगितले की आपण स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. त्यात साधा फोनही आला. आपण फुले-सावित्रीचे नाव घेणारे. आपली घरे याला अपवाद आहेत का? आम्ही आमच्या वस्तीत चाळीसेक घरांत नुसते विचारत गेलो तर जुना, काच तडकलेला, बॅटरी फुगलेला फोन बहुतेक ठिकाणी आईकडे किंवा बहिणीकडे होता. नवा फोन मुलाला, मुलाचा जुना बापाला, बापाचा जुना आईला. डेटाचा प्लॅनही त्याच उतरंडीने. उतरंड म्हटले की आपल्याला दुसरे काही आठवायला हवे.

घराचा फोनखर्च कमी करायचाच असेल तर तो हिशेबाने करता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने सक्ती केली म्हणून कंपन्यांना जानेवारी २०२५ पासून डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन आणावे लागले. जिओचा असा ८४ दिवसांचा प्लॅन ४४८ ला आणि ३३६ दिवसांचा १,७४८ ला निघाला. (३३६ दिवस. इथेही वर्ष त्यांनी एकोणतीस दिवसांनी कापलेच आहे.) दुकानात हे प्लॅन कोणी आपणहून सांगत नाही, मागावे लागतात. चार फोनांच्या घरात ज्या दोघांना खरोखर फक्त बोलायचे असते त्यांना हा आणि शिकणाऱ्या दोघांना वर्षाचा डेटा प्लॅन घेतला तर १५,५४८ चे १०,६९४ होतात. जवळपास पाच हजार वाचतात. अट एकच: 'फक्त बोलणारे' कोण हे घरातल्या बाईला न विचारता ठरवायचे नाही. बचत गटाचे हिशेब, पोराच्या शाळेचा ग्रुप, आशाताईचे निरोप, हे सगळे डेटावर असते. सगळ्या घराची काटकसर तिच्याच फोनवर होत असेल तर ती बचत आम्हाला नको.

जे लोक डेटा घेऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी एक गोष्ट लक्षात असू द्या. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ ही साध्या कॉलवर लागते, तिला इंटरनेट लागत नाही. हा नंबर आजीच्या बटनांच्या फोनमध्ये आपण स्वतः सेव्ह करून द्यावा.

सिम कोणत्या कंपनीचे घ्यावे, या प्रश्नावर चौकातल्या जाहिरातीचे उत्तर कामाचे नाही. आपली वस्ती गावाच्या कडेला, टॉवर गावाच्या मध्यात किंवा पाटलाच्या वावरात, आणि घरावर पत्रे. पत्रा सिग्नल अडवतो, हे पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. अभ्यास करणारी पोरे फोन घेऊन दारात बसतात ती काही हवा खायला नाही. म्हणून बाजारपेठेत पाचही कांड्या दिसतात यावर जाऊ नका. संध्याकाळी आठ ते दहा, जेव्हा सगळे फोनवर असतात, तेव्हा घराच्या आत, दार लावून, शेजाऱ्याच्या फोनवर तपासा. ट्रायचे मायस्पीड नावाचे ॲप त्यासाठी पुरेसे आहे. जी कंपनी तुमच्या पत्र्याखाली चालते ती तुमची. नंतर बदलायची वेळ आली तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस करायचा. फक्त वर्षाचा प्लॅन भरलेला असताना पोर्ट केले तर उरलेले दिवस बुडतात. तेव्हा वर्षाचे पैसे भरण्याआधी एक महिना साध्या प्लॅनवर ती कंपनी वापरून बघा. २०२४ च्या दरवाढीनंतर पुष्कळ जण रागाने बीएसएनएलकडे गेले. सरकारी कंपनी टिकावी अशी आमचीही इच्छा आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिचे स्वदेशी फोर-जी सुरू झाले ही चांगली गोष्ट. पण वस्तीत ती चालत नसेल तर देशप्रेमापोटी शिष्यवृत्तीची मुदत चुकवू नका. दुसरे सिम म्हणून ती अवश्य ठेवा.

फोन घेताना पोरे कॅमेरा बघतात. आम्ही म्हणतो आधी बँड बघा. ७०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून जास्त शिरतात. गावकुसाबाहेरच्या घराला त्याच उपयोगी. त्या पकडायला फोन बँड २८ चा असावा लागतो, फाइव्ह-जीसाठी एन २८. जिओचे फाइव्ह-जी आणि बीएसएनएलचे फोर-जी दोन्ही या लहरी वापरतात. सुरुवातीच्या काही स्वस्त फाइव्ह-जी फोनांत फक्त एन ७८ होता. शहरात ठीक, वस्तीत फाइव्ह-जीचे नुसते नाव. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर हे लिहिलेले असते. आणि परवडत नसेल तर फाइव्ह-जीचा हट्ट नको, चांगला फोर-जी फोन आजही सगळी कामे करतो. बाकी १२८ जीबी साठवण, किमान सहा जीबी रॅम, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटर. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार हा प्रश्न दुकानदाराला विचारला की तो आपल्याकडे येडा आल्यासारखा बघतो. तरी विचारा. कार्यकर्त्याने तर विचारलाच पाहिजे. भीमा कोरेगाव प्रकरणातल्या एका आरोपीच्या संगणकात बाहेरून फाइली घुसवल्या गेल्याचा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकेतल्या तपासणी कंपनीने २०२१ मध्ये काढला, हे आपण वाचले आहे. आपल्यावर एवढी मेहनत कोण घेणार, असे म्हणून चालत नाही. अपडेट चालू, स्क्रीनला सहा आकडी पिन, व्हॉट्सॲपला टू-स्टेप पडताळणी. याला एक रुपया लागत नाही.

कार्यकर्त्याच्या फोनचे आणखी एक काम आहे आणि त्यात आपण फार चुका करतो. गावात मारहाण झाली, कोणीतरी व्हिडिओ काढला, तो ग्रुपवर टाकला आणि जागा भरली म्हणून मूळ फाइल उडवली. व्हॉट्सॲपवरून गेलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो, त्यातली तारीख-वेळेची मूळ नोंद राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश, म्हणजे त्या फाइलच्या बोटाचा ठसा म्हणा, नोंदवायचा असतो. फाइल जशीच्या तशी ठेवली तरच तो जुळतो. तेव्हा मूळ व्हिडिओ त्याच फोनमध्ये राहू द्या, पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. साठवण मोठी घ्या असे आम्ही म्हणतो ते यासाठी. शंभर 'गुड मॉर्निंग'च्या चित्रांनी भरलेल्या फोनमध्ये पुराव्याला जागा उरत नाही. व्हॉट्सॲपचे आपोआप डाउनलोड आजच बंद करा, डेटाही वाचेल.

जुना फोन घेण्यात कमीपणा नाही. बिल मागा, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय नंबर काढा आणि तो केवायएम लिहून, जागा सोडून १४४२२ वर पाठवा. चोरीचा, ब्लॉक केलेला किंवा नक्कल नंबर असेल तर कळते. हप्त्यावरचा फोन कोणी अर्ध्यात विकत असेल तर हात लावू नका, हप्ता थकला की फायनान्सवाले तो दुरून लॉक करतात. हप्त्याबद्दल आम्ही जरा कडवट बोलू. जयंतीच्या आधी वस्तीत 'झिरो डाउनपेमेंट'चे टेबल लागते आणि बारा हजार कमावणारा पोरगा पंचवीस हजारांचा फोन घेऊन येतो. शून्य व्याज म्हणतात, पण प्रोसेसिंग फी असते, गळ्यात विमा मारतात, रोखीने मिळणारी सूट जाते. आम्ही त्याला हसणार नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या उतरलेले, फाटके, उष्टे मिळाले, त्याने नवे कोरे खोके स्वतःच्या नावाच्या बिलासह फोडण्यात काय असते, ते आम्हाला कळते. बाबासाहेबांचा सूट आपल्याला का आवडतो? पण बाबासाहेबांनी लंडनमध्ये जेवण तोडून पुस्तके घेतली, हेही तेच बाबासाहेब. अकरा-बारा हजारांत नव्वद टक्के काम होते. उरलेल्या तेरा हजारांत वर्षाचे तीन प्लॅन येतात आणि वर दोन हजार उरतात.

आता मुद्द्याचे. वर्षाचा प्लॅन स्वस्त, पण एकदम पैसे नाहीत, हा खरा अडथळा आहे. आम्ही गेल्या वर्षी बारा घरांची रिचार्ज भिशी करून पाहिली. महिन्याला प्रत्येकी तीनशे, जमलेल्या छत्तीसशेत दर महिन्याला एका घराचा वर्षाचा प्लॅन. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात ज्याचा नंबर अकराव्या महिन्यात, तो भिशीचे तीनशेही भरणार आणि स्वतःचा अठ्ठावीस दिवसांचा रिचार्जही मारणार. चौथ्या महिन्यात दोन घरे गळाली, आणि गळाली ती सगळ्यात गरजू दोन. चूक आमची होती. भिशी ज्याला थांबता येते त्याच्या फायद्याची असते.

म्हणून या वर्षी आमचा प्रस्ताव वेगळा आहे आणि तो काहींना झोंबणार आहे. जयंतीच्या वर्गणीतून ४३,२०० रुपये बाजूला काढावेत. त्यातून बारा विद्यार्थ्यांचा वर्षाचा प्लॅन एकाच दिवशी भरावा, निम्म्या मुली असतील हे बघून. प्रत्येक घराने महिन्याला तीनशे परत करावेत. बारा महिन्यांत रक्कम पूर्ण परत येते आणि पुढच्या जयंतीला पुन्हा बारा घरे. कोणी भरले, कोणाचे राहिले, याची यादी नावांशिवाय, क्रमांकाने विहाराच्या फळ्यावर. ज्याची शनिवारी मजुरी बुडाली त्याला महिनाभराची सवलत. हा पैसा दान नव्हे, समाजाची उसनवारी आहे.

हे ४३,२०० कुठून काढायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. डीजेवर बोलले की मंडळातली मित्रमंडळी म्हणतात, आमच्या एका दिवसाच्या आनंदावर तुमचा डोळा का? त्यांच्या गणपतीत डीजे चालतो, तेव्हा कोणी बोलत नाही. हे शेवटचे वाक्य खरे आहे आणि पोलीस परवानगीचा भेदभावही खरा आहे. मिरवणूक निघालीच पाहिजे, वाजलेच पाहिजे. प्रश्न फक्त इतका की तीन गाड्यांची भिंत हवी की एकीने भागेल.

दुसरा प्रस्ताव विहाराचा. विहाराच्या अभ्यासिकेत एक फायबर जोडणी घेतली तर वीस-पंचवीस मुले संध्याकाळी त्यावर व्याख्याने उतरवून घेऊ शकतात आणि घरचा डेटा वाचतो. पासवर्ड सगळ्यांना वाटायचा नाही. उद्या कोणी वेडेवाकडे काही टाकले तर जोडणी ज्याच्या नावावर तो पोलीस ठाण्यात. त्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली पीएम-वाणी योजना वापरता येते. तिच्यात किराणा दुकानही वायफाय केंद्र होऊ शकते, परवाना लागत नाही, आणि प्रत्येक वापरणारा आपल्या नंबरने लॉगिन करतो. विहार समितीने यावर विचार करावा असे आम्ही दोनदा तोंडी सांगितले आहे, आता लेखी देत आहोत.

डेटा मिळाला तरी पोरे रीलच बघतील, ही शंका उरतेच. बघतील. आम्हीही बघतो. पण श्रीमंताच्या पोराला रील बघण्याचा हक्क आहे आणि आपल्या पोराने प्रत्येक एमबीचा हिशेब द्यावा, ही अट आम्हाला मान्य नाही. अभ्यासिकेत काय चालते, हे अभ्यासिका चालवणाऱ्यांनी बघायचे. त्यासाठी घराघरात डेटा तोडून ठेवणे हा उपाय नव्हे.

आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. लाखो लोक एका जागी आले की कुठलाही प्लॅन, कुठलाही फाइव्ह-जी चालत नाही. टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. साधा एसएमएस अशा वेळी अनेकदा पोहोचतो, कारण त्याला फार कमी जागा लागते. भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा, मुलांच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, नकाशा आदल्या रात्री उतरवून घ्या, आणि पुस्तकांसाठी रोख पैसे बरोबर असू द्या, कारण क्यूआर कोडही त्या गर्दीत फिरतच राहतो.

हे दोन्ही प्रस्ताव येत्या जयंतीच्या पहिल्या तयारी बैठकीत आम्ही मांडणार आहोत. बैठकीचा निरोप ग्रुपवर जाईल, विहाराच्या फळ्यावर लिहिला जाईल, आणि त्या अकरा जणांकडे आमच्यातले दोघे आदल्या दिवशी घरी जाऊन सांगून येतील. वेळ बदलली तर पुन्हा जातील.

जय भीम!